टोपीचं तळं आणि इतर एकशे बासष्ट नावं

१२ मे १८५१

आज माझी किंमत सरकारला कळली. हालबोस्त गावाला अजून कळायची आहे, पण या गावाला बटाटा आणि हेरिंग मासा यांपलीकडे कशाचीच किंमत कळत नाही.

शाळा सुटताना दारात एक लष्करी गडी उभा. कॉर्पोरल पेम्बल, इंग्लंडचा. याची तुकडी दोन वर्षं आमचं बेट साखळ्यांनी मोजतेय. डोंगर झाले, किनारा झाला, आता दलदलीच्या माळावरची सगळी तळी नि ओढे कागदावर उतरलेत. फक्त त्यांना नावं नाहीत, कारण पेम्बलला आमच्या गेलिकचा एक शब्द कळत नाही. म्हणून माझ्याकडे आला. मी नावं मिळवायची, त्याच्या वहीत लिहायची, आणि प्रत्येकापुढे दोन ओळींत माहिती द्यायची. नियम असा की प्रत्येक नाव खरं असल्याबद्दल परिसरातल्या तीन प्रतिष्ठित माणसांनी सही करायची.

"तुमच्याकडे प्रतिष्ठित कोण कोण आहेत?" त्याने विचारलं.

मी जरा विचार केल्यासारखं केलं. जमीनदाराची सगळी जमीन सांभाळणारे कारभारी, डलग्लीश साहेब. रेव्हरंड इनिस. आणि मी, फार्कर मॅकॲस्किल, शाळामास्तर. गावात दोनशे माणसं आहेत, पण चौथं नाव काही सुचलं नाही.

१५ मे

डलग्लीश साहेबांनी बोलावून घेतलं. सात वर्षांत पहिल्यांदा मला बसायला खुर्ची दिली.

"अहो मास्तर, त्या माळावर कसली आलीत नावं? पाणी, चिखल आणि परत पाणी. दहा-बारा काय ती लिहा आणि वही मिटा. जितकी कमी तितकं बरं."

मग आपण होऊन शाळेच्या छपराचा विषय काढला. तीन हिवाळे मी या छपरासाठी अर्ज करतोय. पोरं डोक्यावर घोंगड्या घेऊन पाढे म्हणतात. साहेब म्हणाले, "हिवाळ्याआधी बघू की." नावं कमी असली तर त्यांना काय फायदा, ते मला कळलं नाही. माझे श्रम वाचावेत म्हणून म्हणाले असतील. मोठी माणसं बोलून दाखवत नाहीत.

२० मे

घात झाला. पेम्बल सहज बोलून गेला की शेजारच्या गावच्या मास्तराने एकशे एकवीस नावं दिली. शेजारचा मास्तर म्हणजे टॉर्किल ग्रॅहम! त्याचं लॅटिन ऐकून रेव्हरंड इनिसांची मांजर उठून जाते. तो ग्रॅहम एकशे एकवीस देणार आणि मी दहा-बारा? छापील नकाशा लंडनपर्यंत जाणार. लोक म्हणणार, हालबोस्तला मास्तर नव्हता काय?

कारभारी साहेबांनी कमी लिहा म्हटलं खरं. पण एकदा आकडा पाहिला की त्यांनाही अभिमान वाटेल.

अडचण एवढीच आहे की मला चार नावं ठाऊक आहेत. रेव्हरंडना दोन, त्यातलं एक चुकीचं. डलग्लीश साहेबांना एक, जिथे ते ट्राउट मासे पकडतात. गावातल्या पुरुषांना विचारलं तर ते म्हणाले, आम्हाला समुद्र विचारा, माळ बायकांचा. ते खरंच आहे. मे महिना लागला की बायका काळी गुरं घेऊन वर जातात, ऑगस्टपर्यंत मातीच्या ढेकळांच्या झोपड्यांत राहतात, लोणी आणि चीज करतात. म्हणजे आता नकाशाचं शास्त्र गुराखिणींना विचारायची पाळी आली. अहवालात हे लिहिता येणार नाही.

३ जून

पेम्बलबरोबर चार तास चिखल तुडवून वर पोचलो. नवा काळा कोट, आणि ग्लासगोहून आणलेली उंच टोपी. हुद्द्याला शोभेल असं काहीतरी हवंच.

झोपड्यांची मुखत्यार म्हणजे ऑयरिक. वय सत्तरीचं, दात दोन, आणि त्या दोन दातांवर तिने अख्खा गाव धाकात ठेवलाय. मला पाहिलं मात्र, आत तोंड करून ओरडली, "अगं ए, बाहेर या गं! गोर्मलचा फार्कर आलाय! डोक्यावर धुराडं घेऊन आलाय!"

कॉर्पोरलसमोर! बरं झालं त्याला काही कळत नाही.

"ऑयरिकबाई," मी म्हटलं, "मला मास्तर म्हणा."

"मास्तर तर मास्तर. साय खाणार का, गोर्मलच्या?"

गोर्मल माझी आई. मी आठ वर्षांचा असताना गेली. वडील त्याआधीच समुद्रात गेले होते. मग जुन्या रेव्हरंडनी मला शिकायला पाठवलं. तिथे कुणी विचारलं तर मी सांगत असे की माझा जन्म गावातल्या चांगल्या दगडी घरातला. खरं काय ते इथेसुद्धा लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागेल काय सांगावं.

नावं विचारली तर म्हातारी विणकामातून मान वर करीना. "कसली नावं बाबा? आम्ही अडाणी. तळं म्हणजे तळं."

आणि बाकीच्या बाया मेंढरांचं घेऊन बसल्या. नदीपलीकडे डलग्लीश साहेबांच्या मेहुण्याची मेंढरं आहेत, त्याला हा माळही हवाय म्हणे. माळ गेला तर गुरं गेली, गुरं गेली तर गाव गेलं, आणि गाव गेलं की कॅनडाचं जहाज. नेहमीचंच रडगाणं. मी त्यांना विषयावर आणलं. सांगितलं, ही सरकारी वही आहे. यात लिहिलेलं तीन प्रतिष्ठित माणसं सहीने खरं करतात.

"कोण तीन?" म्हातारीने विचारलं.

"रेव्हरंड इनिस, मी, आणि कारभारी साहेब."

"डलग्लीश सही करणार? स्वतःच्या हाताने?"

"प्रत्येक पानावर."

"वाचून?"

मला हसूच आलं. "अहो, एवढ्या मोठ्या माणसाला वाचायला वेळ कुठला?"

म्हातारीच्या सुया थांबल्या. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग पोरींना म्हणाली, "मास्तरला साय आणा गं. ओटची भाकरी आणा, त्यावर लोणी लावा. बस, लेका. घे लिहून."

एका दुपारी तेवीस नावं! लोकांकडून काढून घ्यायची हातोटी लागते. ग्रॅहमला जमलं नसतं.

१२ जून

धुक्यात वाट चुकलो. कुठल्याशा तळ्याच्या काठी पाय ठेवला ती जमीनच नव्हती. कमरेपर्यंत गेलो. पेम्बलने साखळी टाकून ओढून काढलं. टोपी गेली. माझ्या डोळ्यांदेखत तरंगत गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. हेदरच्या झुडपांमागे कुणी तरी खिदळल्यासारखं वाटलं. पेम्बल म्हणाला, पाणकोंबड्या असतील.

टोपीचं दुःख सांगण्यासारखं नाही. चिलटांनी डोकं फोडून काढलंय.

२४ जून

सत्याऐंशी झाली. बायकांची स्मरणशक्ती अचाट आहे, मात्र कल्पनाशक्ती शून्य. इथल्या माणसाला स्वतःपलीकडे काही सुचतच नाही. प्रत्येक ओढ्याला हालबोस्तच्याच कुणा बाईचं नाव: ऑयरिकच्या झोपडीचा ओढा, दोघी बहिणींच्या गोठ्याचं तळं, कातरीनाच्या लोण्याचा डोह. नदीपर्यंत एकही जागा अशी नाही जिथे हालबोस्तच्या कुणी दूध काढलं नाही, भांडण केलं नाही किंवा वासरू गमावलं नाही.

ऑयरिकने विचारलं, "किती जुनं ते लिहायला जागा असते का?"

असते. माहितीच्या दोन ओळींत मी एक ठेवणीतलं वाक्य बसवलंय: 'हालबोस्त गावच्या स्त्रिया येथे स्मरणातीत काळापासून गुरे आणतात.' वाक्याला वजन आहे. प्रत्येक नावापुढे तेच लिहितो. म्हातारीने मला ते तीनदा वाचायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. अशी रसिकता मला अपेक्षित नव्हती.

"आणि माझी सही कुठे?" ती म्हणाली.

समजावून सांगितलं की त्या रकान्यात बायकांची नावं येत नाहीत. "असू दे," म्हणाली. "डलग्लीशची आहे ना? बास झालं."

३ जुलै

आज शिखर गाठलं! माळाच्या उत्तरेचं एक तळं. बायकांनी नाव सांगितलं: टोपीचं तळं. मी विचारलं, किती जुनं? सगळ्या जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. एक तर पदरासारखी शाल तोंडात कोंबून बाहेरच पळाली, लाजाळू असावी बिचारी. ऑयरिक गंभीरपणे म्हणाली, "फार जुनं, लेका. कोण्या मोठ्या माणसाची टोपी पडली होती त्यात. फार मोठा होता म्हणे. निदान त्याला तसं वाटायचं."

मी तत्काळ ओळखलं. नॉर्स सरदार! हजार वर्षांपूर्वी ते लोक या बेटावर राज्य करत होते, आणि शिरस्त्राण पाण्यात पडणं म्हणजे इथे लढाई झाली असणार. माहितीच्या दोन ओळींच्या जागी सव्वा पान लिहिलं. पेम्बलने वाचलं, माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मास्तर, हे एकदा तपासून घ्यायचं का?"

लष्करी माणूस. इतिहासाची गोडी कुठून असणार!

६ जुलै

रविवार. प्रभूच्या दिवशी लिहिणं पाप आहे म्हणून एवढंच लिहितो: एकशे बावीस. ग्रॅहम मागे पडला.

१ ऑगस्ट

एकशे त्रेसष्ट. वही भरली.

एक गोष्ट मनाला लागून होती ती आता लिहायला हरकत नाही. माळाच्या मध्यावर, हिरव्या टेकाडाच्या पायथ्याशी एक लहानसा ओढा आहे. त्याचं नाव मी कुणाला विचारलं नाही, आणि ऑयरिकने सांगितलंही नाही. नकाशात ती रेघ कोरी राहिली. पेम्बलने दोनदा विचारलं. मी म्हटलं, नाव नाही. म्हातारी समोरच बसली होती. ती उठून गाईकडे गेली. विसरली असणार. वय झालं. एका परीने सुटलो.

१३ ऑगस्ट

सह्यांचा समारंभ. ग्राउस पक्ष्यांची शिकार कालच सुरू झालेली, डलग्लीश साहेब बंदूक घेऊन निघायच्या घाईत. वही टेबलावर ठेवली. मी म्हटलं, "साहेब, आकडा जरा मोठा झालाय, एक नजर टाकली असती तर..."

"अहो, तुम्ही लिहिलंय ना? मग बरोबरच असणार. कुठे करू?" आणि फराफरा प्रत्येक पानावर. कुत्री भुंकत होती तरी एक पान सुटलं नाही. रेव्हरंड इनिसांनी चष्मा न लावताच केल्या. मी सर्वांत शेवटी केली, जरा मोठी.

आयुष्यात एवढं समाधान कधी वाटलं नव्हतं.

२६ सप्टेंबर

हे काय होऊन बसलं!

डलग्लीश साहेबांनी कोर्टात अर्ज घातलाय की नदीपर्यंतचा माळ हालबोस्तचा कधीच नव्हता. तिथे कुणी गुरं नेली नाहीत. तो रिकामा आहे आणि मेहुण्याला मेंढरांसाठी द्यायचा आहे. गावाने उत्तर दिलं. उत्तरात एकच ओळ: कारभारी साहेबांच्या सहीची सरकारी वही बघावी.

आज साहेब शाळेत आले. छपरातून ठिबकत होतं, ते नेमकं त्यांच्या मानेवर. पोरांदेखत ओरडले, "गाढवा, मी दहा-बारा म्हटलं होतं!"

गाढव. मला. एकशे त्रेसष्ट नावांनंतर.

१४ ऑक्टोबर

साहेब पुन्हा आले, पण आज लोण्यासारखे. "मास्तर, कोर्टात एकच वाक्य बोलायचं. बायकांनी मनाने नावं रचली आणि मला फसवलं. बास. नोव्हेंबरच्या आत छप्पर."

"आणि नाही बोललो तर?"

"मग शाळा माझ्या अखत्यारीत आहे, आणि तुम्ही राहता ते घर शाळेचं आहे."

रात्रीपासून डोकं उठलंय. खरं सांगायचं तर नोकरी जाईल याची भीती आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, मी, फसलो म्हणायचं? लेखी? ग्रॅहम ते वाचणार! दुसरीकडे, बायकांची गुरं गेली तर त्या जातील जहाजावर, आणि माझी पोरंही जातील. मग छप्पर कुणाच्या डोक्यावर घालायचं? कुणाच्या बाजूचं बोलायचं ते ठरत नाही.

ऑयरिक एकदाही माझ्याकडे आली नाही. विनवायला यायला हवं होतं. रस्त्यात भेटली, डोक्यावर चुलीत जाळायच्या पीटच्या ढेकळांची टोपली. मी म्हटलं, "ऑयरिकबाई, ती नावं खरी आहेत ना?"

"तूच सही केलीस की," म्हणाली आणि चालू लागली. असा राग आला म्हणून सांगू!

२१ ऑक्टोबर

आजचं लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

कोर्ट गच्च भरलेलं. अख्खं हालबोस्त पायी आलेलं, बायका विणकाम घेऊन. न्यायाधीश साहेबांनी वही उघडून मोठ्याने वाचलं, "ऑयरिकच्या झोपडीचा ओढा. हालबोस्त गावच्या स्त्रिया येथे स्मरणातीत काळापासून गुरे आणतात. खाली सही, डलग्लीश." पान उलटलं. पुन्हा तेच. पुन्हा सही. "मिस्टर डलग्लीश, ही सही तुमचीच का?"

"माझीच, पण मी या मूर्ख मास्तरावर विश्वास ठेवला. बायकांनी याला उल्लू बनवलं. पुरावा आहे." आणि त्यांनी टेबलावर काहीतरी आपटलं.

माझी टोपी.

मेहुण्याच्या धनगराला ऑगस्टमध्ये सापडली होती. हिरवी, फुगलेली, आत शेवाळ. अस्तरावर माझंच नाव, माझ्याच अक्षरात. डलग्लीश साहेबांनी विचारलं, "कुठल्या तळ्यात सापडली, सांगू?" आणि माझं ते सव्वा पान वाचायला घेतलं. नॉर्स सरदार. शिरस्त्राण. घनघोर लढाई.

आधी पेम्बल फुटला, साक्षीदारांच्या बाकावर, लष्करी गणवेशात. मग बायका. मग न्यायाधीश साहेबांनी तोंडाला रुमाल लावला. माझे कान असे पेटले! तेवढ्यात सगळं लख्ख दिसलं: ते पाणकोंबड्यांचं खिदळणं, ती शाल तोंडात कोंबलेली बाई, "निदान त्याला तसं वाटायचं." उन्हाळाभर या बायकांनी मला नाचवलं आणि मी साय खात नाचलो. त्या क्षणी मला बायकांचा, माळाचा, गावाचा एवढा संताप आला की ते वाक्य जिभेवर तयारच होतं. मला फसवलं. दोन शब्द. छप्पर.

न्यायाधीश म्हणाले, "मिस्टर मॅकॲस्किल, वही घटकाभर बाजूला ठेवू. या माळावरचं एक तरी नाव, या बायकांनी सांगायच्या आधीपासून तुम्हाला ठाऊक आहे का?"

मी ऑयरिककडे पाहिलं. सगळं कोर्ट हसत होतं, ती हसत नव्हती. सुया मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती, अगदी त्या पहिल्या दिवशी पाहिलं तशी.

"एक आहे," मी म्हटलं. "वहीत नाही."

"कुठलं?"

"गोर्मलच्या लेकराचा ओढा. हिरव्या टेकाडाखाली. चौतीस वर्षांपूर्वी जून महिन्यात गोर्मल नावाची बाई तिथे गुरांबरोबर एकटी होती. तिथेच बाळंत झाली, आणि त्या ओढ्यात लेकराला धुतलं. तेव्हापासून हालबोस्त त्याला तेच म्हणतं."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आईने. ते लेकरू मी आहे."

न्यायाधीशांनी विचारलं, मग वहीत का लिहिलं नाही?

"लाज वाटली म्हणून," मी म्हटलं. तीन प्रतिष्ठित माणसांपैकी एक भर कोर्टात रडला, तेही लिहून ठेवतो.

२३ ऑक्टोबर

निकाल. न्यायाधीशांनी म्हटलं की टोपीच्या तळ्याचा निकाल टोपीवरूनच लागतो, ते सोडा. पण ज्या माळावर माणसाचा जन्म होतो तो रिकामा कसा? आणि जो गृहस्थ एकशे त्रेसष्ट नावांखाली सही करून सांगतो की या बायका इथे पूर्वीपासून येतात, त्याने नंतर येऊन कुणी येतच नव्हतं म्हणू नये. माळ हालबोस्तचा.

डलग्लीश साहेबांची चिठ्ठी संध्याकाळीच आली. शाळेला नवं छप्पर मंजूर झालंय. मास्तरही नवा येतोय. टॉर्किल ग्रॅहम.

१० नोव्हेंबर

ऑयरिकच्या घरी राहतोय. एका टोकाला गाय, एका टोकाला मी, मधे चूल. म्हातारी घोरते. गाय बरी. माझी टोपी कोर्टातून तिनेच मागून आणली आणि आता त्यात लोकर ठेवते. गावातली पोरं ग्रॅहमची शाळा सुटली की इथे येतात, म्हणतात त्याचं काही कळत नाही. यात माझा काही हात नाही. पण ऐकून बरं वाटतं.

१८ मे १८५२

पेम्बलने नकाशा पाठवला. छापील, अजून शाईचा वास येतोय. आम्ही सगळे आता वर झोपड्यांत आहोत. मला चीज उलटायचं काम दिलंय, सकाळी पोरींना अक्षरं शिकवतो. नकाशा गवतावर पसरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि मी एकेक नाव वाचलं. बायका गोळा झाल्या. कातरीनाने आपल्या डोहाचं नाव दोनदा वाचायला लावलं आणि बोट ठेवून बघितलं. टोपीचं तळंही आहे. चांगल्या ठळक अक्षरात.

बाकीच्या दूध काढायला गेल्यावर मी विचारलं, "आता तरी सांगा. यातली खरी जुनी किती?"

"शंभरेक," ऑयरिक म्हणाली.

"आणि बाकीची?"

"तुझा तो ग्रॅहम मागे पडायला नको होता का?"

"मी कोर्टात शपथ घेतली होती हो!"

"मग काय झालं? आता आम्ही त्याच नावांनी बोलतो. काल कातरीना म्हणाली, वासरू टोपीच्या तळ्याकडे गेलंय. गेलेलं सापडलं की नाही?"

मी नकाशावर हिरवं टेकाड शोधलं. पायथ्याची ती बारीक रेघ कोरीच आहे. पेम्बलने चिठ्ठीत लिहिलंय की त्याने प्रयत्न केला, पण त्या नावाला तीन सह्या नव्हत्या.

"हे नाव मात्र तुम्ही मला सांगितलं नाहीत," मी म्हटलं. "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"विसरते?" म्हातारी एवढ्या जोरात म्हणाली की गाय दचकली. "नाळ मी कापली तुझी. गोर्मलची हाक ऐकून धावत गेले तेव्हा तू बाहेर आलेला होतास आणि ती पाण्यात उभी होती. विसरते म्हणे!"

"मग का नाही सांगितलंत?"

"तुला ठाऊक होतं म्हणून. म्हटलं, आज विचारेल, उद्या विचारेल. सगळा उन्हाळा वाट बघितली, लेका. तो साखळीवाला साहेब दोनदा विचारत होता आणि तू नाव नाही म्हणालास. मी उठून गेले ती गाईसाठी नाही गेले."

चौतीस वर्षांत मी त्या ओढ्यापाशी एकदाही गेलो नाही, गेल्या उन्हाळ्यातही लांबूनच वळसा घालत होतो. तेवढं तिला सांगितलं.

"उद्या नेते," ती म्हणाली. "फार काही नाही तिथे. लहान आहे, उडी मारून पलीकडे जाता येतं. पण जपून मार."